आठवे वाचन

ताईच्या अंगणात त्या दुपारी तुरीच्या ओल्या शेंगांचा वास होता. हिरवा, किंचित तुरट, नुकत्याच मोडलेल्या कोवळ्या काडीसारखा. उन्हाळ्यात ज्या अकोल्याचे नाव काढले तरी माणसे कपाळावरचा घाम पुसू लागतात, त्याच अकोल्याला डिसेंबरात काही दिवस असे ऊन लाभते की ते नुसते अंगावर घेऊन बसावे आणि कुणाशी काही बोलू नये. ताई भिंतीला पाठ टेकून, मांडीवर सूप घेऊन शेंगा सोलत होती. दाणे वाटीत पडत होते, टरफले पायाशी. दुसऱ्या दिवशी नाताळ होता. गल्लीतल्या तीन घरांवर कागदी चांदण्या लागल्या होत्या, कुठल्याशा स्वयंपाकघरातून करंज्या तळल्याचा खमंग वास अधूनमधून येऊन जात होता, आणि ताईच्या दारावरचा खिळा मात्र सलग तिसऱ्या वर्षी रिकामा होता.

मी अमरावतीहून सकाळच्या गाडीने आलो होतो. बडनेरा सुटले की डिसेंबरातले धुके थोडा वेळ रुळांच्या बरोबरीने धावते. मग ते विरते आणि शेवटच्या वेचणीला आलेल्या कपाशीची शेते, फुलांतून शेंगांत गेलेली तूर, मूर्तिजापूरच्या फलाटावरच्या संत्र्यांच्या टोपल्या असे सगळे एकेक करून उजेडात येते. इतकी वर्षे हा प्रवास मी याच दिवसांत करतो आहे. माझ्या खिशात दरवर्षी एक चौपदरी कागद असतो. त्यावर सात वाचने असतात.

अकोल्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये नाताळच्या सकाळी, उपदेशाच्या आधी, ही सात वाचने होतात. प्रत्येक वाचनात आधी जुन्या संदेष्ट्याचा शब्द आणि मग तो कुठे, कसा पूर्ण झाला त्याचा वृत्तांत. कुमारीच्या पोटी जन्मणाऱ्या मुलाविषयी यशयाने काय सांगितले, बेथलेहेमासारख्या क्षुल्लक गावाचे नाव मीखाने शतकांपूर्वी कसे उच्चारले, अंधारात चालणाऱ्या लोकांना कोणता उजेड दिसणार होता, वगैरे. हा क्रम माझ्या वडिलांनी लावला होता. ते शाळेत शिक्षक होते आणि रविवारी चर्चच्या व्हरांड्यात मुलांचा वर्ग घेत. ते गेल्यावर ही जबाबदारी माझ्याकडे आली, ती बहुधा मी इतिहास शिकवत होतो म्हणून. पवित्र शास्त्राशी माझे किती जमते याची चौकशी कुणी केली नाही, आणि मीही ती कुणाला सांगायला गेलो नाही.

बाबांच्या शिकवण्यात एक शिस्त होती. ते फळ्यावर दोन रकाने आखत. डावीकडे भविष्य, उजवीकडे पूर्तता, आणि वर ठळक अक्षरांत लिहीत: जोड्या लावा. आम्ही मुले खडूने रेघा ओढत असू. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि पाठांतरात सगळ्यांच्या पुढे. तिच्या रेघा कधी एकमेकींना छेदत नसत. मला त्या फळ्याकडे पाहून एक निराळेच समाधान वाटे. जगात जे जे घडायचे आहे ते कुठेतरी डाव्या रकान्यात आधीच लिहिलेले आहे आणि उजवा रकाना भरेपर्यंत आपण फक्त थांबायचे आहे, अशा खात्रीत एखादे मूल किती निर्धास्त झोपू शकते, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

पुढे अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवताना ती निर्धास्तता हळूहळू माझ्यापासून दूर गेली. भांडण झाले नाही, मी चर्च सोडले नाही, कुणाला दुखावले नाही. फक्त साधने तपासायची सवय लागली. घटना घडून गेल्यावर तिला साजेसे जुने वचन शोधणे काही अवघड नसते, हे मला कळत गेले. राजांच्या बखरींत मी ते किती वेळा पाहिले होते. बाबांच्या फळ्यावरच्या रेघा मला आता उजवीकडून डावीकडे ओढलेल्या दिसू लागल्या. तरीही दर डिसेंबरात मी तो कागद तयार करत असे, तो वाचला जाताना पहिल्या बाकावर बसून ऐकत असे आणि संध्याकाळच्या गाडीने राजापेठेतल्या माझ्या घरी, दुचाक्यांच्या गर्दीत आणि शिकवणी वर्गांच्या पाट्यांमध्ये परतत असे. श्रद्धेवाचूनही एखादे काम नेटके करता येते, असे मी स्वतःला सांगत असे.

मग अमोल गेला.

अमोल ताईचा एकुलता एक मुलगा. त्याचे वडील तो शाळेत असतानाच वारले होते आणि ताईने सरकारी दवाखान्यात परिचारिकेची नोकरी करत त्याला वाढवले होते. तो धामणगाव रेल्वेला एका शाळेत विज्ञान शिकवत असे, तिथेच खोली घेऊन राहत असे. एकतीस वर्षांचा होता. पावसाळा संपता संपता त्याला ताप आला. ताई रोज फोन करी आणि तो रोज हसून सांगे की साधा ताप आहे, तू नर्स म्हणून तुला सगळीकडे आजार दिसतो. चौथ्या दिवशी ताप उतरला. आईला त्याने आनंदाने तसे सांगितले आणि आईनेही सुटकेचा श्वास टाकला. डेंग्यूच्या या तापात तो उतरल्यावरच खरे जपायचे असते, ही गोष्ट तिने चौतीस वर्षे इतरांच्या आयांना खाटेपाशी उभे राहून समजावली होती. सहाव्या दिवशी तो नव्हता.

त्या दिवसांत मी जे करायचे ते सगळे केले. फोन केले, कागद गोळा केले, दफनाची वेळ ठरवली, आल्यागेल्यांना पाणी विचारले. हातांना काम होते याबद्दल मी मनातून कृतज्ञ होतो. ताईपाशी बसून तिच्याबरोबर रडणे मला जमले नाही, आणि त्यानंतरच्या सव्वादोन वर्षांत तिच्यासमोर मी अमोलचे नावही उच्चारले नव्हते. तिला त्रास होईल म्हणून, असे माझे म्हणणे. खरे तर मला होईल म्हणून.

ताईने चर्चमध्ये येणे बंद केले. ती कुणावर रागावली नव्हती. चर्चचे पाळक भेटायला येत तेव्हा चहा करी, प्रार्थनेला मान खाली घाली. फक्त येत नसे. गेल्या दोन नाताळांना तिच्या घरी चूल नावापुरतीच पेटली. शेजारच्या मंगलाताई, तिच्याबरोबर दवाखान्यात काम केलेल्या, बौद्ध कुटुंबातल्या; त्यांनी दोन्ही वर्षी नाताळाच्या सकाळी आपल्या घरी केलेल्या करंज्या आणि चकल्यांचा डबा ताईच्या ओट्यावर आणून ठेवला. इतकी वर्षे या घरून त्यांच्या घरी डबा जात होता. ज्या घराचा सण, त्या घरी तळण नाही, आणि ज्या घराचा नाही, तिथून करंज्या येतात, याविषयी दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

तर त्या दुपारी शेंगा सोलता सोलता ताईने हात पुसले आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"यादी दाखव."

मी कागद दिला. चष्मा डोक्यावरून खाली ओढून तिने तो उन्हात धरला. माझी बोली कॉलेजच्या व्याख्यानांनी घासून गुळगुळीत झाली आहे. तिची चौतीस वर्षे खेड्यापाड्यांतून आलेल्या बायांशी बोलण्यात गेली, म्हणून जशीच्या तशी राहिली.

"एक सोडलं तुनं," ती म्हणाली.

"सातच असतात, ताई. बाबांपासून सातच."

"बाबांनीही सोडलं होतं. मले तेव्हा समजलं नाई." तिने कागद घडी न करताच परत दिला. "बेथलेहेमातल्या बायांचं काय? येशूच्या शोधात राजानं त्यायची लेकरं मारली. मत्तयानं त्याच्याखाली लिवलं हाये ना, हेही भविष्य पूर्ण झालं म्हून? राहेल रडून राहिली, अन् समजूत घालून घेत नाई. नाताळाचंच हाये ना थे? मंग वाचत काहून नाई?"

मी म्हणालो की सणाच्या सकाळी ते कसे वाचणार, लहान मुले असतात, लोक आनंदासाठी येतात. माझे उत्तर मलाच एखाद्या परिपत्रकासारखे ऐकू आले.

"व्हय," ती शांतपणे म्हणाली, "म्हूनच मी येत नाई. माहं वाचनच नाई तुह्या यादीत."

तिने पुन्हा सूप मांडीवर घेतले. आवाजात तक्रार नव्हती. तापमान लिहून घ्यावे तसे तिने ते सांगितले होते. काहीतरी करायला हवे असे वाटले की मी जे करतो तेच केले, म्हणजे उठून कामाला लागलो. चर्चकडे निघालो.

आमचे पाळक तरुण आहेत, मनमिळाऊ आहेत आणि नाताळच्या आदल्या दिवशी कुणीही असावे तितके गांगरलेले होते. वेदीजवळ ध्वनिक्षेपकाची वायर सोडवत ते माझे म्हणणे ऐकत राहिले. भिंतींना दिलेल्या नव्या चुन्याचा वास आत कोंडला होता, आणि उंच खिडक्यांतून आलेल्या कवडशांत चुन्याचेच कण तरंगत होते.

"सर, देवदूतांच्या गाण्यानंतर लगेच लेकरांची कत्तल?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"येशूच्या जन्माच्या कथेतच मत्तयानं ते लिहिलं आहे," मी म्हणालो. माझ्या बाजूने एवढेच सांगण्यासारखे होते.

त्यांनी वायर खाली ठेवली. मग हळू आवाजात, ताईचे नाव घेऊन, त्यांनी विचारले, "एस्तेरताईंसाठी?" मी होय म्हणालो. "मग घ्या आठवं. पण वाचा तुम्हीच. माझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा वायरीशी झटू लागले. ताईला आणि मला धीर देण्यासाठी सव्वादोन वर्षे शब्द शोधून थकलेला हा माणूस असावा, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

ताईच्या घरी परतल्यावर मी बाबांच्या पवित्र शास्त्राची जुनी प्रत काढली. तिची पाने आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहेत आणि त्यांना कापूर व धूळ यांच्या मधला कसलासा वास येतो. वाचायचे ते आधी नीट पाहून घ्यावे, एवढाच हेतू होता. शिक्षकी सवय. मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा दुसरा अध्याय मला पाठ होता, निदान तसा माझा समज होता. पण पाठ असलेला मजकूर आपण वाचत नाही, केवळ ओळखतो. त्या दुपारी, खिडकीशी, मी तो पहिल्यांदा वाचला असे म्हणायला हरकत नाही.

मत्तयाची एक लकब आहे. येशूच्या जन्माशी जोडलेली कोणतीही घटना सांगितली की तो म्हणतो, अमुक संदेष्ट्याने सांगितले होते ते पूर्ण व्हावे म्हणून हे झाले. मिसर देशातून परत येणे, नासरेथात राहणे, सगळीकडे ते 'म्हणून' आहे. जणू बाबांच्या फळ्यावरची रेघ. पण लेकरांच्या कत्तलीपाशी तो आला आणि त्याची भाषा बदलली. इथे तो 'पूर्ण व्हावे म्हणून' असे लिहीत नाही. इथे तो एवढेच लिहितो की तेव्हा ते पूर्ण झाले. म्हणून नाही, तेव्हा. देवाने वचन खरे करण्यासाठी हे घडवून आणले, असे म्हणायला त्याचा हात धजावला नाही. राजाने जे केले ते राजाच्या पदरी ठेवून तो फक्त म्हणाला की असा आक्रोश पूर्वीही ऐकू आला होता आणि आज पुन्हा ऐकू आला.

साधन मिळाले की मूळ साधन पाहायचे, ही दुसरी सवय. मी मागे, ज्याचे शब्द मत्तयाने घेतले त्या यिर्मयाकडे गेलो. रामा नावाच्या गावी बाबेलला नेण्यासाठी साखळ्यांत बांधलेले कैदी जमवले होते, त्यांच्यासाठी राहेल, त्या लोकांची जुनी आई, कबरेतून रडते आहे असे त्या संदेष्ट्याने ऐकले. मत्तयाने घेतलेले शब्द तेवढेच. पण यिर्मयाच्या पानावर ते तिथे संपत नाहीत. लगेच पुढे देव त्या रडणाऱ्या आईशी बोलतो. तुझे रडणे आवर, तो म्हणतो, तुझी मुले शत्रूच्या देशातून परत येतील, तुझ्या पुढच्या दिवसांना आशा आहे.

मत्तयाला हे ठाऊक नव्हते असे शक्य नाही. ज्याला संदेष्ट्यांची एकेक ओळ तोंडपाठ होती त्याने नेमके सांत्वनाचे वाक्य गाळले. का गाळले असेल, याचा विचार करत मी बराच वेळ ते पान धरून बसलो. बाहेर उन्हाने अंगण सोडले होते.

दिवेलागणीला ताईने चहा केला आणि मी तिला हे सगळे सांगितले. वर्गात सांगावे तसेच, दोन्ही पाने आलटून पालटून उघडून, एकेका शब्दावर बोट ठेवून. दुसऱ्या कोणत्या रीतीने मला सांगताच आले नसते. 'म्हणून' आणि 'तेव्हा' यांच्यातला फरक सांगितला तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितले.

"मातीच्या दिवशी सगळे म्हनत होते, देवाची योजना होती, देवानं बलावलं," ती म्हणाली. "मले वाटे, असा कसा देव, याले योजनेसाठी माह्या पोराचा ताप लागला? अन् ताप उतरला तेव्हा मीच त्याले म्हटलं होतं, आता आराम कर. मी म्हटलं होतं, विजू. नर्सनं."

इतक्या काळात तिने हे कुणाला सांगितले नसावे. तिचा हात टेबलावर होता. त्यावर मी माझा हात ठेवला, आणि हे करायला मला किती उशीर झाला आहे याचा हिशेब मनात येऊ दिला नाही.

"मत्तय तसं म्हणत नाही," मी शेवटी म्हणालो. "अमोलच्या बाबतीत कुणी तसं म्हटलं असेल तर ते पुस्तकातलं नाही."

त्याचे नाव माझ्या तोंडून आलेले तिने ऐकले. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग, जणू त्यावर जास्त वेळ थांबायचे नाही असे ठरवून, तिने विचारले, "यिर्मयाचं पुढचं काय म्हनलं तू? लेकरं वापस येतीन म्हून?"

मी वाचून दाखवले.

"झालं का थे पूर्ण?"

"एकदा झालं. बाबेलला नेलेल्यांपैकी काही परत आले, त्यांची नातवंडं आली. पण बेथलेहेमची लेकरं आली नाहीत. म्हणूनच मत्तयानं ते वाक्य घेतलं नसावं. जे झालं तेवढंच त्यानं झालं म्हणून लिहिलं."

हे बोलत असताना मलाच काहीतरी उमगत होते, आणि ते माझ्या धंद्यातले होते. साक्षीदार कुठे बोलतो यापेक्षा तो कुठे थांबतो यावरून त्याची पारख होते. सगळ्या रेघा जुळवून दाखवणाऱ्या माणसाबद्दल मला जन्मभर संशय वाटत आला. पण हा माणूस एका रडणाऱ्या आईपाशी येऊन थांबला होता, तिच्या दुःखाला त्याने सोयीची जोडी लावली नव्हती, सांत्वनाचे वाक्य हाताशी असून त्याने ते वापरले नव्हते. असा माणूस जर म्हणत असेल की बेथलेहेमात खरोखरच एक मूल जन्मले, शतकांपूर्वी दिलेला शब्द देवाने पाळला, आणि त्या कत्तलीतून निसटलेले ते मूल मोठे होऊन स्वतःच मरणात शिरले व तिथून परत आले, तर त्याच्या म्हणण्याला मी इतकी वर्षे देत आलो त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे होते. विश्वास बसला असे मी म्हणणार नाही. संशयाच्या पायाखालची जमीन थोडी हलली, एवढे म्हणतो.

"उद्या मी मत्तय थांबतो तिथेच थांबणार आहे," मी ताईला सांगितले. "पुढचं वाचणार नाही. ते प्रामाणिक होणार नाही."

येशील का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "पाहीन."

नाताळची सकाळ थंड आणि स्वच्छ होती. चर्चमध्ये नव्या कपड्यांचा, झेंडूचा आणि मेणाचा वास होता. कागदी पंख लावलेल्या मुली एकमेकींना ढकलत होत्या आणि त्यांच्या आया खुणांनी त्यांना दटावत होत्या. मी घरून निघालो तेव्हा ताई न्हाऊन, केस सोडून ओट्यावर बसली होती. सात वाचने नेहमीसारखी झाली. वाचणाऱ्यांत एक पोस्टमास्तर होते, एक अकरावीतली मुलगी होती, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. प्रत्येक वाचनानंतर एकेक कडवे गाइले जात होते. सातव्या कडव्याच्या वेळी मागचे दार किलकिले झाले आणि मला उजेडात दोन आकृत्या दिसल्या. पुढे मंगलाताई होत्या. मागे करड्या साडीत ताई. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या, मंगलाताई अवघडून, ताई ताठ.

मी उठलो. प्रस्तावना केली नाही. राजाने माणसे पाठवली इथपासून वाचले, लेकरांपर्यंत आलो, आणि मग राहेलच्या रडण्यापर्यंत. चर्च शांत होत गेले. आधी मोठी माणसे, मग त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून मुले. बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर तोंडाशी नेला, तिच्या पलीकडे आणखी एकीने. यांतल्या कुणाचे काय गेले होते ते मला माहीत नव्हते. इतकी वर्षे याच बाकांकडे पाठ करून मी पहिल्या बाकावर बसत आलो होतो आणि मला माहीत नव्हते. आई समजूत घालून घेईना, कारण तिची मुले नाहीत, हे शेवटचे शब्द वाचून मी पुस्तक मिटले.

"पुढचं वाच."

आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला. माना वळल्या. ताई उभी होती, समोरच्या बाकाच्या पाठीला धरून.

"यिर्मयाचं पुढचं वाच, विजू. मले ऐकाचं हाये."

मी ते पान खुणेने धरून ठेवले नव्हते, कारण ते वाचायचे नाही असे ठरले होते. आता मला ते शोधावे लागले. ध्वनिक्षेपकासमोर त्या पातळ पानांचा आवाज मोठा होऊन सगळ्या चर्चभर पसरला, आणि कुणीही खोकले नाही, कुणी गाणे सुरू करून ती पोकळी भरली नाही. पाळक वेदीजवळ मान खाली घालून उभे होते. पान सापडले. मी वाचले की रडणे आवर, डोळे पूस. मी वाचले की तुझी मुले शत्रूच्या देशातून परत येतील. मी वाचले की तुझ्या पुढच्या दिवसांना आशा आहे. माझा आवाज नेहमीसारखाच होता, असे मला नंतर सांगण्यात आले. ताई उभ्यानेच ऐकत होती, आणि संपल्यावर लगेच बसली नाही. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, एखाद्या खाटेपाशी रुग्णाची नाडी मोजत उभे राहावे तशी, आणि मग बसली.

त्यानंतर पाळकांनी उपदेश केला. तो त्यांच्या एरवीच्या उपदेशापेक्षा पुष्कळ लहान होता.

बाहेर आवारात ऊन झाले होते. लोक एकमेकांचे हात हातात घेऊन शुभेच्छा देत होते; ताईला भेटताना त्यांचे शब्द अडखळत होते, आणि तिला त्याचे काही वाटत नव्हते. माझ्या ओळखीची नसलेली एक तरुण बाई तिच्यापाशी येऊन, ते शेवटचे वाचलेले कुठे आहे, असे विचारून गेली. ताईने तिला अध्याय सांगितला आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

मंगलाताई पायऱ्यांवर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच आत येऊन बसल्या होत्या, आणि कुणाच्याही आधी, सरळपणे, त्यांनीच तो प्रश्न विचारला.

"भाऊ, थे लेकरं मंग आले का वापस?"

मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. बाबेल, नातवंडे, मत्तयाचे थांबणे, सगळे पुन्हा सांगावे लागणार होते. पण तेवढ्यात ताई पायऱ्या चढून आमच्यापर्यंत आली होती आणि तिने ते ऐकले होते.

"अजून नाई," ती म्हणाली.

एवढेच. त्या आवाजात उत्साह नव्हता, धीर देणेही नव्हते. तपासणीचा निकाल यायचा बाकी आहे असे नातेवाइकांना सांगताना ती ज्या स्वरात बोलत असे, तोच तो स्वर. मंगलाताईंनी मान डोलावली, जणू त्यांना हवे होते ते कळले, आणि दोघी फाटकाकडे चालू लागल्या. मी पायरीवरच राहिलो. सव्वादोन वर्षे ताईच्या घरात अमोलविषयी 'नाही' हा एकच शब्द होता, बोललेला आणि न बोललेला. त्याच्या आधी कुणी दुसरा एखादा शब्द ठेवू शकेल हे मला कधी सुचले नव्हते; आणि तो तिथे टिकेल का, उद्या, परवा, पुढच्या पावसाळ्यानंतर, हे मला आजही सांगता येत नाही. फाटकापाशी ताई थांबली, मागे वळून तिने मला हाक मारली, आणि मी त्यांच्या दिशेने निघालो.